घर दुरुस्तीला हात घालण्याआधी: खेड्यातल्या घराची तपासणी कशी करायची आणि खर्चाचा अंदाज कसा काढायचा

कापूस विकला, तुरीचे पैसे आले की गावात दुरुस्तीची कामे निघतात. मिस्त्रीला बोलावले जाते, तो ओसरीत उभा राहून वर-खाली बघतो, "प्लास्टर काढून नवीन मारून देऊ" म्हणतो आणि एक गोळा आकडा सांगतो. दोन पावसाळे गेले की त्याच भिंतीवर तीच ओल येते. पैसा प्लास्टरला गेलेला असतो आणि पाणी मुरत असते जोत्यातून नाही तर स्लॅबच्या कडेतून. दुरुस्तीत पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा असा, रोग न शोधता मलम लावल्याने. म्हणून आधी तपासणी, मग मोजमाप, मग भाव आणि सर्वांत शेवटी काम. हा क्रम सोडू नका.

हा लेख विदर्भातल्या खेड्यातली तीन प्रकारची घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे: मातीच्या भिंती आणि कवेलू (कौले), विटांच्या भिंती आणि टीन (पत्रा), आणि स्लॅबचे घर. अनेकांचे घर तिन्हींचे मिळून असते. समोरच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागे माजघर कवेलूचे आणि न्हाणीवर टीन. अशा घरात सगळ्यात जास्त दोष दोन प्रकार जिथे जुळतात त्या सांध्यात सापडतात. तपासणीत ती जागा आधी बघा.

1. तपासणी कधी करायची

एकदा पाहून भागत नाही. पहिली पाहणी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत करा. तेव्हा जमीन पाणी पिऊन फुगलेली असते आणि ओल कुठून येते ते उघड दिसते. दुसरी एप्रिल-मे मध्ये, जमीन वाळून भेगाळल्यावर. काळ्या मातीवरच्या घरासाठी हे फार महत्त्वाचे आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पाया उथळ असेल तर भिंत दरवर्षी वर-खाली होते. पावसाळ्यात मिटलेली तड उन्हाळ्यात बोटभर उघडते. फक्त पावसाळ्यात पाहिले तर "किरकोळ आहे" असे वाटेल, फक्त उन्हाळ्यात पाहिले तर घर पडते की काय असे वाटेल.

कामासाठी जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. मजुरांचा हिशेबही आधीच करा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्यानंतर कापसाची वेचणी, पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धानाची कापणी, मार्च-एप्रिलात मोहफुले आणि मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरकडे तेंदूपत्ता. या दिवसांत माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी चढलेली असते. पावसाळ्यात नदीतून रेती उपसणे बंद असते, त्यामुळे जूनमध्ये रेतीचा भावही वर जातो. रेती मेच्या आत आणून ताडपत्रीखाली झाकून ठेवा.

2. तपासणीला काय काय लागते

सामान थोडेच आहे आणि बहुतेक गावातच मिळते:

- ओळंबा आणि 5 मीटरचा टेप
- पारदर्शक नळी, साधारण 30 फूट (पाणपातळी पाहायला)
- टॉर्च, शिडी, खडू, पेन्सिल
- लहान हातोडी आणि जुना पेचकस
- काचेच्या पातळ पट्ट्या आणि थोडे प्लास्टर ऑफ पॅरिस
- विजेचा टेस्टर
- वही आणि मोबाईल

फोटो काढताना तडेशेजारी टेप किंवा एक रुपयाचे नाणे ठेवा. नुसत्या फोटोवरून तड केवढी आहे ते कोणालाच कळत नाही, अभियंत्यालाही नाही.

कागदपत्रे एका पिशवीत काढून ठेवा: ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद किंवा मालमत्ता पत्रक, विजेचे बिल, आणि घर घरकुल योजनेतले असेल तर त्याची फाईल. बँकेकडून दुरुस्तीसाठी कर्ज घ्यायचे असो की नुकसानीचा पंचनामा करून घ्यायचा असो, हीच कागदे लागतात. छप्पर बदलणार असाल किंवा खोली वाढवणार असाल तर काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

3. पाहणीचा क्रम: आधी पाणी, मग पाया, मग छत, मग भिंत

आतून सुरुवात करू नका. घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा.

*पाणी कुठे जाते.* छपराची पागोळी नेमकी कुठे पडते? न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगत मुरते का? शोषखड्डा पायाला खेटून खोदला आहे का? नळाच्या जोडणीखाली बारा महिने ओल आहे का? काळ्या मातीत भिंतीच्या एका बाजूला सतत ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडी जमीन असली की एक कोपरा फुगतो, दुसरा बसतो आणि भिंत तिरपी तडकते. मोठे कडुनिंब, वड, पिंपळ भिंतीजवळ असतील तर ती झाडे उन्हाळ्यात मातीतले पाणी ओढून घेतात आणि परिणाम तोच होतो. रस्ता सिमेंटचा झाल्यावर तो घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला असेल तर त्याचीही नोंद करा. अलीकडे बऱ्याच घरांत ओल येते ती याच कारणाने.

*जोते आणि पाया.* नळीत पाणी भरा, एक टोक एका कोपऱ्यावर धरा, दुसरे टोक चारही कोपऱ्यांवर फिरवा आणि जोत्यावर खुणा करा. कोणता कोपरा किती खाली आहे हे पाच मिनिटांत कळते. मग ओळंबा सोडून भिंत पाहा. 10 फूट उंचीत एक इंचाहून जास्त झुकाव असेल तर मिस्त्रीवर भागवू नका, अभियंता बोलवा.

*छत.* कवेलूचे छप्पर आतून, दिवसा, दिवा बंद करून पाहा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथून पाणी येणार. मयाल (मुख्य तुळई) आणि वासे जिथे भिंतीत शिरतात ती टोके पेचकसाने टोचून पाहा. लाकूड वरून साबूत दिसते आणि आतून उधईने (वाळवीने) पोखरलेले असते. पेचकस अर्धा इंच सहज आत गेला तर ते लाकूड कामातून गेले असे समजा. जुने सागवान मात्र उगाच फेकू नका. बऱ्याचदा टोकाचा दीड-दोन फूट भागच खराब असतो, तेवढा कापून जोड देता येतो.

टिनाच्या छतात खिळा किंवा स्क्रू कुठे मारला आहे ते पाहा. नालीच्या उंच भागावर, रबरी वायसर घालून मारायला हवा. खोलगट भागात मारला असेल तर तिथून गळणारच, वर कितीही डांबर लावा. एकावर एक पत्रा लांबीत किमान 6 इंच आणि रुंदीत दीड ते दोन नाल्या चढलेला हवा.

स्लॅब वरून आणि खालून असा दोन्हीकडून पाहा. वरून: पाणी कुठे साचते, नळीच्या तोंडाशी उतार आहे का, कठड्याच्या बुडाशी पिंपळाचे रोप उगवले आहे का. खालून: हातोडीने हलके ठोका. घट्ट आवाज आला तर ठीक. पोकळ, भद्द आवाज आला तर आत सळई गंजून काँक्रीट सुटले आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा आणि त्याचे चौरस फूट मोजा. हेच माप पुढे खर्चाला लागते.

गळती नक्की करायला स्लॅबवर पाणी भरून 24 तास ठेवतात. ही चाचणी फक्त साबूत स्लॅबवर करा. 400 चौरस फुटांवर 2 इंच पाणी म्हणजे जवळजवळ 1,900 किलो वजन होते. सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर हे वजन चढवू नका.

*भिंती.* तडांचे माप घ्या. एक मिलिमीटरपेक्षा बारीक, जाळ्यासारख्या पसरलेल्या तडा बहुतेक प्लास्टरच्या असतात. पाणी कमी मारले की त्या पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर किंवा खाली गेलेली तड पायाच्या हालचालीची असते. स्लॅबच्या खाली भिंतीच्या माथ्यावर आडवी गेलेली तड बहुधा उन्हाने स्लॅब फुगल्या-आकसल्याची असते. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे ही तड फार घरांत दिसते आणि ती सहसा घातक नसते. पाच मिलिमीटरपेक्षा रुंद, किंवा भिंतीच्या आरपार गेलेली तड मात्र गंभीर धरा.

तड चालू आहे की थांबलेली, हे कळल्याशिवाय ती बुजवू नका. तडेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. तडेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. काच तडकली तर हालचाल सुरू आहे. अशी तड सिमेंटने भरली तर शेजारीच नवी पडेल आणि तुमचे पैसे जातील.

*वीज.* ही तपासणी लोक टाळतात आणि इथेच जीव जातो. विदर्भात बहुतेक घरांत कूलर असतो. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, पंप जुना, अर्थिंग नावालाच आणि खाली ओली जमीन. अर्थिंगची तार खरोखर जमिनीत गाडलेल्या खड्ड्यापर्यंत जाते की भिंतीतच संपते ते बघा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसलेला नसेल तर तो दुरुस्तीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहा. रंगाचे काम पुढच्या वर्षी ढकलले तरी चालेल, हे नाही. प्लगसाठी किमान 2.5 चौरस मिलिमीटर आणि दिव्यांसाठी 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची तार हवी. ओल्या भिंतीतून गेलेला पाइप असेल तर तिथली तार बदलायचीच असे धरून चाला.

4. खारपाणपट्ट्यातल्या घरांसाठी

दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूर या बाजूच्या, पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या गावांत जमिनीतले पाणीच खारट आहे. इथे भिंतीच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी पूड येते, प्लास्टर फुगून गळते. तो लोणा आहे. क्षार ओलीबरोबर वर चढतात आणि पाणी उडाले की तिथेच राहतात. त्यावर नुसता रंग किंवा नुसते प्लास्टर टिकत नाही.

इथे दोन गोष्टी पाळा. एक, बोअरचे खारे पाणी सळईच्या काँक्रीटला, प्लास्टरला किंवा तराईला (नव्या कामावर पाणी मारायला) वापरू नका. भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि या पट्ट्यातल्या कित्येक बोअरचे पाणी त्याहून खारट असते. सळई आतल्या आत गंजते आणि काही वर्षांत स्लॅब सोलू लागतो. गोड्या पाण्याचा टँकर खर्चात धरा. दोन, जुने प्लास्टर ओलीच्या रेषेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत काढा, विटांचे सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुऊ नका, धुतला तर तो परत भिंतीत जातो. भिंत वाळू द्या आणि मगच नवे काम करा.

5. अभियंता कधी बोलवायचा आणि त्याच्याकडून काय घ्यायचे

कवेलू फेरायला (काढून पुन्हा रचायला) किंवा एका खोलीचे प्लास्टर करायला अभियंता लागत नाही. पण पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर तालुक्याच्या गावातून स्थापत्य अभियंता आणा: पाच मिलिमीटरहून रुंद तड, झुकलेली भिंत, बीम किंवा कॉलमला तड, स्लॅबच्या मोठ्या भागात उघड्या सळया, गंजून जाडी पाव भागाने कमी झालेली सळई, किंवा जुन्या घरावर मजला चढवण्याचा विचार.

तपासणारा आणि काम करणारा एकच असू नये. काम घेणाऱ्याला काम मोठे दिसणे साहजिक आहे. अभियंत्याचे पैसे प्रत्येक भेटीवर ठरवा, कामाच्या खर्चाच्या टक्क्यावर नाही. टक्क्यावर ठरले की खर्च वाढण्यात त्याचाही फायदा असतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत काँक्रीट, विटा, पाणी यांची चाचणी फी भरून होते का, याची चौकशी करायला हरकत नाही.

लेखी अहवालाशिवाय पैसे देऊ नका. अहवालात पाच गोष्टी हव्यात: दोष कुठे आहे (नकाशावर खूण करून), त्याचे कारण, दुरुस्तीची पद्धत, प्रत्येक कामाचे प्रमाण, आणि कोणते काम आधी व कोणते थांबले तरी चालेल. "घर जुने झाले आहे, दुरुस्ती आवश्यक" एवढेच लिहिलेला कागद कशाच्याही कामाचा नाही.

6. दोषानुसार योग्य उपाय

*मातीची भिंत.* सर्वांत मोठा सापळा म्हणजे मातीच्या भिंतीवर सिमेंटचे प्लास्टर. माती श्वास घेते, सिमेंट घेत नाही. ओल आत अडकते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टरचा अख्खा पापुद्रा सुटतो. कोंबडीची जाळी ठोकून सिमेंट मारले तरी फक्त वेळ लांबतो. मातीला मातीचाच लेप द्या: चाळलेली माती, बारीक कुटार किंवा तणस आणि शेण, पाणी घालून किमान आठवडाभर कुजवून. बाहेरून पाऊस लागणाऱ्या भिंतीला चुन्याचा लेप चालतो. भिंतीचा खालचा दीड फूट पागोळ्यांनी खाल्ला असेल तर तिथे दगड किंवा पक्की वीट घालून आधार द्या. पण एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त भाग उघडू नका, आणि लागून लागून नव्हे तर एक भाग सोडून एक असे करा. सलग उघडले तर भिंत बसते.

*कवेलू की टीन.* वांदरे कवेलू फोडतात, दरवर्षी फेरावे लागतात, फेरणारे हात आता मिळत नाहीत. म्हणून लोक टीन टाकतात. निर्णय तुमचा आहे, पण हिशेब पूर्ण करा. टीन हलके असते आणि मे-जूनच्या वावटळीत उडते, म्हणून त्याला लोखंडी पाइप आणि भिंतीत रोवलेल्या आकड्यांचा खर्च येतो. खोली उन्हाळ्यात तापते, म्हणून खाली आतल्या सीलिंगचा किंवा वर चुन्याच्या पांढऱ्या थराचा खर्च येतो. पत्रा 0.50 मिलिमीटर जाडीचा घ्या. दुकानात सूक्ष्ममापीने (मायक्रोमीटरने) मोजून घ्या, कारण 0.35 चा पत्रा 0.50 सांगून विकला जातो. वांदरांचाच त्रास असेल तर कवेलूवर लोखंडी जाळी घालून पाहणे कमी खर्चाचे ठरते.

*स्लॅबची सोललेली खालची बाजू.* पोकळ भाग सळईच्या मागे बोटभर मोकळे होईपर्यंत तोडायचा. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करायची. गंजरोधक प्रायमर, मग जोड धरणारा थर, मग पॉलिमर मिसळलेला सिमेंट-रेतीचा गिलावा, एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड नाही. पॉलिमरचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, ते मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. साधे सिमेंट थापून वरून पुट्टी मारली तर पुढच्या पावसाळ्यानंतर तेच तुकडे डोक्यावर पडतील. आणि वरची गळती बंद केल्याशिवाय खालून हे काम करूच नका. स्लॅबवर दर 8 ते 10 फुटांना एक इंच उतार, कठड्याच्या बुडाशी गोलाकार वाटा (कोपरा मसाल्याने भरून केलेली गोलाई) आणि पाण्याच्या तोंडाला रुंद पाइप, एवढ्याने बऱ्याच गळत्या थांबतात.

*काळ्या मातीचा उपाय.* घराभोवती तीन फूट रुंदीचा पट्टा करा: वरची काळी माती फूटभर काढा, मुरूम भरून धुम्मस करा (ठोकून घट्ट बसवा), वर काँक्रीट किंवा फरशी, उतार घराच्या बाहेर. छपराला पन्हाळ लावून पाणी दूर न्या. पायाच्या मातीतली ओल बारा महिने सारखी राहावी, हा यामागचा उद्देश आहे. इतर बऱ्याच दुरुस्त्यांपेक्षा हे काम स्वस्त आहे आणि ते केल्यावर एक वर्ष थांबून मग तडा भरल्या तर त्या पुन्हा उघडण्याची शक्यता बरीच कमी होते.

*उधई.* जमिनीला टेकलेल्या भिंतीच्या बुडाशी फूट-फूट अंतरावर 12 मिलिमीटरची भोके पाडून इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के, लिटरभर पाण्यात 2.1 मिलिलिटर, असे द्रावण भरतात. नुसते वरून फवारून उपयोग होत नाही. विहिरीजवळ हे औषध वापरू नका, आणि शेतीच्या फवारणीचे उरलेले औषध घरात तर अजिबात नको.

7. माप घ्या, मग खर्च काढा

गोळा भाव मान्य करू नका. प्रत्येक काम मापावर ठरवा: प्लास्टर चौरस फुटावर, पन्हाळ धावत्या फुटावर, वायरिंग पॉइंटवर. "ब्रास" शब्दात घोटाळा होतो. रेती-गिट्टीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, प्लास्टर-फरशीचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. करारात दोन्ही स्पष्ट लिहा.

उदाहरण घ्या. खोली 12 × 10 फूट, उंची 10 फूट. भिंतींचा घेर 44 फूट, म्हणून आतले प्लास्टर 440 चौरस फूट. दार 3 × 7 म्हणजे 21 चौरस फूट वजा, सुमारे 420 राहिले. 12 मिलिमीटर जाडी आणि 1:6 मसाला धरला तर 100 चौरस फुटांना साधारण पाऊण पोते सिमेंट आणि साडेपाच घनफूट रेती लागते. म्हणजे या खोलीला तीन ते सव्वातीन पोती आणि 23 घनफूट रेती. जुन्या वाकड्या भिंतीवर जाडी 20 मिलिमीटरपर्यंत जाते, तेव्हा पाच-सव्वापाच पोती आणि 38 घनफूट. मिस्त्री जर याच खोलीला दहा पोती सांगत असेल तर कारण विचारा. बाहेरून 20 मिलिमीटर जाडीचे 1:4 प्लास्टर असेल तर 100 चौरस फुटांना पावणेदोन पोती धरा.

यावर गावातला चालू भाव लावा. भाव तीन ठिकाणांहून घ्या आणि "पोहोच" की "दुकानावर" हे विचारा. मजुरीचा भाव वेगळा लिहा.

अंदाजात लोक हमखास विसरतात त्या बाबी: मलबा तोडणे आणि उचलणे, बल्ल्या-सेंट्रिंगचे भाडे, पाण्याचा टँकर, तराईच्या माणसाची मजुरी, काम चालू असताना झाकायला ताडपत्री, आणि धान्य व सामान हलवण्याची सोय. जुने प्लास्टर किंवा छप्पर उघडल्यावर नवे दोष निघतातच. विटांच्या घरात एकूण खर्चाच्या 10 ते 15 टक्के आणि मातीच्या जुन्या घरात 25 टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवा.

पैसे पुरत नसतील तर यादीचे तीन भाग करा. पहिला: जिवाला धोका असलेले काम, म्हणजे वीज, सुटलेला स्लॅब, झुकलेली भिंत. दुसरा: पाणी अडवणारे काम. तिसरा: प्लास्टर, फरशी, रंग. लग्नकार्य जवळ आले म्हणून तिसरा भाग आधी करण्याचा मोह होतो. त्यात खर्च दोनदा होतो.

8. माल घेताना

रेती ट्रॉलीत मोजा: आतली लांबी × रुंदी × भरलेली उंची, सगळे फुटांत, भागिले 100 म्हणजे ब्रास. ओली रेती फुगते, 20 ते 30 टक्क्यांपर्यंत जागा जास्त घेते, म्हणून ओल्या रेतीचा ब्रास घेतला तर माल कमी मिळतो. रेतीत माती किती ते पाहायला काचेच्या बाटलीत निम्मी रेती आणि मिठाचे पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर रेतीच्या उंचीच्या 8 टक्क्यांहून जाड असेल तर ती रेती धुतल्याशिवाय प्लास्टरला नको.

वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवा आणि परत वजन करा. 20 टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली तर कच्ची आहे. सिमेंटच्या पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुने घेऊ नका.

9. करार, हप्ते आणि तराई

मुद्रांकावरच करार हवा असे नाही. साध्या कागदावर कामाची यादी, माप, भाव, मसाल्याचे प्रमाण, माल कोण आणणार, मुदत आणि हप्ते लिहून दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ठरल्याबाहेरचे प्रत्येक काम त्याच कागदाच्या मागे, भाव लिहून, सही घेऊनच करू द्या. सुरुवातीला मजुरीच्या 20 टक्क्यांहून जास्त उचल देऊ नका. पुढचे हप्ते मापून झालेल्या कामावर द्या. माल शक्यतो स्वतः आणा.

तराईत कसूर झाली तर वरचे सगळे वाया. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला 7 दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला 10 दिवस पाणी मारायचे. कोरड्या कडक उन्हात हेच अनुक्रमे 10 आणि 14 दिवस. आपल्याकडे दुकानात मिळते ते बहुतेक पीपीसी, आणि पुष्कळांचे काम निघते मार्चनंतरच, म्हणून 14 दिवसच धरा. प्लास्टर सकाळी किंवा चारनंतर करा, भर उन्हात नको. गोणपाट भिजवून लावले तर पाणी कमी लागते.

10. सरकारी मदत कुठे लागू होते

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सपाट भागात 1.20 लाख रुपये देते, पण ते नवीन पक्क्या घरासाठी. दुरुस्तीला त्यातून पैसे मिळतील असे कोणी सांगून अर्ज भरण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

अतिवृष्टी, पूर किंवा वादळाने नुकसान झाले असेल तर आपत्ती निधीतून मदत मिळते. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांनुसार किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000 रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000 रुपये ठरले होते. सपाट भागात घर पूर्ण पडले तर 1.20 लाख. त्यासाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवकांचा (आता ग्रामपंचायत अधिकारी) पंचनामा लागतो. घर पडल्यावर मलबा लगेच उचलू नका. आधी तारखेसह फोटो काढा, त्याच दिवशी तलाठ्याला लेखी कळवा. तुमच्या तपासणीच्या वहीत पडझडीआधीचे फोटो आणि मापे असतील तर "घर आधीच पडके होते" हा मुद्दा तिथेच संपतो.

11. पहिल्या पावसानंतर

मजुरीची 10 टक्के रक्कम पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत हातात ठेवा आणि हे करारातच लिहा. पाऊस चालू असताना टॉर्च घेऊन सगळ्या खोल्या, सांधे, कठडे आणि जोत्याचा पट्टा पाहा, जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करून फोटो काढा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन त्याच खुणांवर उभे राहा. दुरुस्त झाले की पुन्हा एका पावसात बघा आणि मग उरलेली रक्कम देऊन पावती घ्या. ती पावती, करार, अहवाल आणि मोजमापाची वही घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत एकत्र ठेवा, पुढच्या तपासणीला सुरुवात त्याच वहीतल्या तडांच्या तारखांपासून करायची आहे.